‘गिलमोर गर्ल्स’ पुन्हा पाहताना आपली बाजू बदलते का?

प्रश्न : दुपारची_कॉफी

‘गिलमोर गर्ल्स’ ही अमेरिकी मालिका मी अकरावी-बारावीच्या वयात पहिल्यांदा पाहिली. तेव्हा केबलवर जो भाग लागेल तो, मधले भाग गाळून, आवाज कमी ठेवून पाहावा लागे. त्यामुळे तिची गोष्ट माझ्या मनात तुकड्यातुकड्यांनी आणि बरीचशी माझ्या सोयीने जुळलेली होती. यंदा नेटफ्लिक्सवर ती पहिल्या भागापासून क्रमाने पाहायला घेतली असून सध्या मी पाचव्या सीझनच्या मध्यावर आहे, आणि जे दिसते आहे त्याने गोंधळून गेले आहे.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एमी शर्मन-पॅलाडिनो यांनी निर्माण केलेली ही मालिका ऑक्टोबर २००० मध्ये ‘द डब्ल्यूबी’ वाहिनीवर सुरू झाली आणि सात सीझन, १५३ भाग होऊन मे २००७ मध्ये ‘द सीडब्ल्यू’वर संपली. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डमधील एका गर्भश्रीमंत घरची लोरलाय सोळाव्या वर्षी गरोदर राहते, मुलाच्या बापाशी लग्न करायला नकार देते आणि तान्ह्या मुलीला घेऊन घर सोडते. स्टार्स हॉलो या काल्पनिक गावातल्या एका छोट्या हॉटेलात ती मोलकरीण म्हणून लागते आणि पुढे तिथलीच व्यवस्थापक होते. मालिका सुरू होते तेव्हा ती बत्तीस वर्षांची आहे, मुलगी रोरी सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे, आणि रोरीला चिल्टन नावाच्या महागड्या खासगी शाळेत प्रवेश मिळालेला आहे. फी भरण्याइतके पैसे हाताशी नसल्यामुळे लोरलाय आईवडिलांकडे, म्हणजे एमिली आणि रिचर्डकडे, कर्ज मागायला जाते. एमिली कर्ज देते, पण मायलेकींनी दर शुक्रवारी रात्री जेवायला आलेच पाहिजे, या अटीवर.

तेव्हा माझ्या दृष्टीने यात विचार करण्यासारखे काही नव्हतेच. लोरलाय ही हवीहवीशी आई होती, रोरी म्हणजे पुस्तकात डोके खुपसून बसणारी मीच होते, आणि एमिली ही आठवड्याला एक मोलकरीण काढून टाकणारी, लेकीला सुखाने चार घास खाऊ न देणारी खाष्ट बाई होती. आता पहिल्या सीझनच्या शेवटाकडे एक प्रसंग आला आणि मी अडकले. एमिली स्टार्स हॉलो पाहायला येते. रोरी तिला हौसेने हॉटेलच्या मागची बागेच्या अवजारांची खोली दाखवते आणि सांगते की मी लहान असताना आई आणि मी इथे राहत होतो. पूर्वी मला ती खोली फार गोड वाटली होती; आपल्यालाही अशी एखादी असावी असे वाटल्याचे आठवते. या वेळी मी फक्त एमिलीकडे पाहत राहिले. आपल्या लेकीला आपल्या घरापेक्षा ही खोली बरी वाटली, हे त्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसते, आणि ते दाखवणाऱ्या नातीला आपण काय दाखवत आहोत याची कल्पनाही नाही.

त्याच्या उलट रोरी मला चौथ्या सीझनपासून सहन होईनाशी झाली आहे. लग्न झालेल्या डीन या जुन्या प्रियकराबरोबरचे प्रकरण, त्यानंतर आईसमोर केलेले समर्थन, आणि आपल्याला जे हवे ते मिळणारच ही तिची खात्री पाहताना मला या मुलीत आपण काय पाहिले होते असा प्रश्न पडतो.

माझे विचारणे असे आहे : हे सगळे मालिकेत आधीपासूनच लिहिलेले होते आणि वयामुळे आपल्याला दिसले नाही, की मी आता लोरलायपेक्षा वयाने मोठी आणि एका मुलीची आई झाल्यामुळे नसलेले अर्थ काढते आहे? आणि दुसरे, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला ही मालिका आत्ताच दाखवावी का?

प्रतिसाद : जमाखर्च

ते आधीपासूनच लिहिलेले आहे, आणि त्याचा पुरावा भावनेत शोधण्याऐवजी पैशांच्या व्यवहारात शोधावा असे मी सुचवेन. किशोरवयात ही मालिका पाहणाऱ्याच्या कानावर पैशाचे संवाद पडतात, पण आत शिरत नाहीत, कारण घरात फी कोण भरतो आणि ती भरण्यासाठी कुणापुढे मान तुकवावी लागते याची त्याला कल्पना नसते. प्रौढ वयात मात्र नेमके तेच आधी ऐकू येते.

आता मालिकेतला व्यवहार क्रमाने पाहा. चिल्टनच्या फीसाठी आईवडिलांचे कर्ज हा पाया. दुसऱ्या सीझनमध्ये लोरलायच्या घराला वाळवी लागते, बँक दाद देत नाही, आणि अखेर एमिलीच्या सहीवर कर्ज निघते. तिसऱ्या सीझनमध्ये लोरलायच्या वाढदिवसाला रिचर्ड तिला पंचाहत्तर हजार डॉलरचा धनादेश देतो. तिच्या जन्माच्या वेळी तिच्या नावाने केलेल्या गुंतवणुकीचे ते पैसे असतात. ती लगेच चिल्टनचे सारे कर्ज फेडून टाकते. एखाद्या सामान्य मालिकेत हा विजयाचा क्षण ठरला असता. इथे मात्र एमिलीच्या हातात पैसे परत येतात आणि शुक्रवार जातो. कर्ज फिटले की अट संपली, हे तिला बरोबर कळते. नंतरचा भाग तर आणखी बोचरा आहे : हातात आलेल्या त्याच रकमेमुळे रोरीला येल विद्यापीठाकडून आर्थिक मदत मिळत नाही, आणि शेवटी रोरी स्वतः आजीआजोबांकडे जाऊन फीचे कर्ज मागते, त्याबदल्यात शुक्रवारचे जेवण परत सुरू करायचे ठरवून येते. आईने फेडलेले कर्ज मुलगी पुन्हा काढते, तेही त्याच तारणावर.

पुढे लोरलाय स्वतःचे हॉटेल काढते, तेव्हा पैसे अपुरे पडून गावात खानावळ चालवणाऱ्या ल्यूककडून घेते; सहाव्या सीझनमध्ये येलची फी भरण्याची जबाबदारी रोरीचा बाप ख्रिस्तोफर उचलतो. म्हणजे लोरलायचा स्वाभिमान खराच आहे, पण प्रत्येक टप्प्यावर तो कुणाच्या ना कुणाच्या चेकबुकावर टेकलेला आहे. हे लेखिकेला ठाऊक आहे, एमिलीलाही ठाऊक आहे. ठाऊक नसते ते फक्त रोरीला आणि पंधरा-सोळा वर्षांच्या प्रेक्षकाला.

दुसरा पुरावा पात्ररचनेतला आहे. एमिलीला निव्वळ खाष्ट दाखवायचे असते तर त्या भूमिकेसाठी केली बिशप यांच्यासारखी अभिनेत्री निवडण्याचे कारण नव्हते. त्या मूळच्या नर्तिका. ब्रॉडवेवरच्या ‘अ कोरस लाइन’मधील भूमिकेसाठी त्यांना १९७६ साली टोनी पुरस्कार मिळाला. एमिली खुर्चीत बसते कशी, पाठ कशी ताठ ठेवते, आणि अपमान झाला की आधी हातातला ग्लास नीट जागेवर ठेवून मगच बोलते, हे पाहिले की त्या बाईला लहानपणापासून काय शिकवले गेले असेल ते कळते. या मालिकेतले लोक इतके भराभर बोलतात की पटकथेची पाने नेहमीच्या तासाभराच्या मालिकेपेक्षा कितीतरी जास्त होत. त्या धबधब्यात गप्प राहणारे माणूस हमखास दुखावलेले असते, आणि बहुतेक वेळा ती एमिली असते. पहिल्यांदा पाहताना आपण बोलणाऱ्याकडे पाहतो, एवढाच काय तो फरक.

तुम्ही नसलेले अर्थ काढत आहात असे म्हणूनच मला वाटत नाही.

प्रतिसाद : विशाखा_न

वरचा प्रतिसाद मुद्देसूद आहे, परंतु या मालिकेबद्दल अलीकडे जिकडेतिकडे जे चालू आहे ते इथेही सुरू होऊ नये म्हणून दोन शब्द लिहिते. चाळिशीकडे झुकलेले सगळेच प्रेक्षक एकाएकी एमिलीचे वकीलपत्र घेऊ लागले आहेत. आपण आईबाप झालो म्हणून मालिकेतल्या आईबापांचे सर्व गुन्हे माफ होत नाहीत.

मूळ प्रश्नकर्त्या पाचव्या सीझनच्या मध्यावर आहेत, म्हणजे त्या शंभराव्या भागाच्या आसपास असतील. त्यात एमिली आणि रिचर्ड पुन्हा एकदा लग्नाच्या आणाभाका घेतात. तो समारंभ सुंदर आहे आणि त्याच्या आधी एमिलीने काय करून ठेवले आहे तेही पाहा. लोरलाय अखेर ल्यूकबरोबर सुखात आहे हे दिसत असताना ती मुद्दाम ख्रिस्तोफरकडे जाते आणि हातची संधी घालवू नकोस असे त्याला सुचवून त्याला त्या समारंभात आणवते. कारण एकच, ल्यूक हा खानावळ चालवतो आणि आपल्या बरोबरीचा नाही. त्याआधी त्याला जेवायला बोलावून तिने त्याची जी शोभा केली, तीही याच माळेतली. ही मुलीची काळजी मुळीच नाही; मुलीने निवडलेला माणूस आपल्या दिवाणखान्यात शोभत नाही, याचा तो संताप आहे.

मला यातले सर्वांत कडू वाटते ते हे की एमिलीने स्वतः हा सासुरवास भोगलेला आहे. रिचर्डची आई, तिचेही नाव लोरलायच, सुनेला उभ्या आयुष्यात कधी गोड बोलली नाही. एमिलीच्या घरी आली की ही सासू आपण भेट दिलेल्या वस्तू मांडल्या आहेत की नाहीत हे तपासत फिरते. ती गेल्यावर, तिच्या अंत्यविधीची सारी धावपळ करत असताना, एमिलीला तिचे एक जुने पत्र सापडते, आणि त्यात तिने मुलाला या मुलीशी लग्न करू नकोस अशी विनवणी केलेली असते. एमिली तिथल्या तिथे सगळी कामे टाकून देते आणि पेला भरून बसते. चौथ्या सीझनमधला तो भाग विनोदी म्हणून लिहिलेला आहे आणि आहेही. पण ज्या बाईला आपल्या सासूने आपल्याला कमी लेखल्याचे इतके लागते, तीच एका वर्षाच्या आत ल्यूकला त्याच मापाने मोजते. आपल्याकडच्या घरांत हे नवीन नाही, म्हणून तर ते इतके ओळखीचे वाटते.

तुम्हाला एमिलीचे दुःख दिसू लागले याचा आनंद आहे. लोरलायने ते घर का सोडले, हे मात्र त्या दुःखामुळे विसरले जाऊ नये. अवजारांच्या त्या खोलीत ती हौसेने राहिली नव्हती.

प्रतिसाद : हडसनकाठ

मी न्यू जर्सीत वाढले, मालिका चालू असताना शाळेत होते आणि घरी मराठी बोलत होते, त्यामुळे माझी नजर सुरुवातीपासून तिसऱ्याच मायलेकींवर होती. लेन किम आणि तिची आई. रोरीची ही जिवलग मैत्रीण ढोल-ताशांच्या वेडाने, म्हणजे रॉक संगीताच्या वेडाने, झपाटलेली आहे आणि तिची आई कर्मठ ख्रिस्ती, सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट आहे. लेनने आपल्या खोलीतल्या फरशीच्या फळ्यांखाली सीडींचा खजिना लपवलेला असतो. माझ्या वर्गातल्या गोऱ्या मुली मिसेस किमला पाहून खदाखदा हसत, आणि मीही हसत असे, कारण न हसणे म्हणजे ती माझ्याही घरातली आहे हे कबूल करण्यासारखे झाले असते. आमच्या फरशीखाली काही नव्हते, पण दर रविवारी मराठी शाळेला जाताना दप्तराच्या तळाशी बरेच काही असे.

पुन्हा पाहताना आधी जाणवले ते हे की मिसेस किमला बरीच वर्षे केवळ विनोदासाठी वापरले आहे. टोफूचे पदार्थ, जुन्या फर्निचरने खचाखच भरलेले दुकान, हुकूम सोडल्यासारखे तुटक बोलणे. या कोरियन मायलेकी साकारणाऱ्या केको अजेना आणि एमिली कुरोडा या दोघी जपानी वंशाच्या आहेत, याकडे तेव्हा माझे लक्षही गेले नव्हते. आशियाई म्हणजे आशियाई, एवढाच त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीचा हिशेब होता. गंमत म्हणजे लेनचे पात्र मालिकेच्या निर्मितीत असलेल्या हेलन पै या कोरियन-अमेरिकन मैत्रिणीच्या लहानपणावरून बेतलेले आहे. त्यामुळे तिच्या घरातले बारकावे खरे आहेत. आपले घर कोणत्या दिशेने कान देऊन ऐकते आहे, याचा लेनला सतत असलेला अंदाज बाहेरून पाहून लिहिता येत नाही.

सहाव्या सीझनमध्ये लेनच्या लग्नाच्या वेळी जे येते, त्यासाठी मात्र मी त्यांना शंभर टोफू माफ करते. कोरियाहून मिसेस किमची आई येते. ती बौद्ध आहे, आणि मुलीने ख्रिस्ती धर्म घेतल्याचे तिला माहीतच नाही. मग आपली ती करारी मिसेस किम घरभर धावते आणि क्रूस, बायबल, जे जे ख्रिस्ती दिसेल ते ते नजरेआड करू लागते. लेन हे पाहत उभी राहते. लग्नही मग दोनदा लागते, आधी आजीसाठी बौद्ध पद्धतीने आणि आजी निघून गेल्यावर घाईघाईने चर्चमध्ये. पंधराव्या वर्षी मी या प्रसंगाला फक्त हसले असते. आता मला माझ्या आईची तिच्या आईशी फोनवर होणारी बोलणी आठवतात, ज्यांत आमच्या इथल्या खाण्यापिण्याचा आणि सणावारांचा उल्लेख अतिशय विचारपूर्वक केलेला असे.

एका गोष्टीचा राग मात्र वाढतच गेला. लेनच्या वाट्याला सातव्या सीझनमध्ये मधुचंद्राहून परत येताच गरोदरपण आणि त्यात जुळी मुले येतात, आणि बँडचे सगळे मागे पडते. रोरी नौका पळवते, त्यासाठी तिला तीनशे तास समाजसेवेची शिक्षा होते, ती येल सोडून आजीआजोबांच्या आवारातल्या पाहुणेघरात राहते, आणि काही महिन्यांनी पुन्हा येलला जाऊन पाहता पाहता तिथल्या वर्तमानपत्राची संपादकही होते. लेनला एकही चूक करण्याची मुभा नाही. ‘जमाखर्च’ यांनी मांडलेला हिशेब इथेही लागू होतो : कुणाच्या पाठीशी हार्टफर्डचे घर आहे आणि कुणाच्या पाठीशी जुन्या फर्निचरचे दुकान, यावरून कोणाला किती संधी मिळणार ते ठरते. लेखकांनी हे जाणूनबुजून दाखवले असे मात्र मला वाटत नाही. लेनचे पुढे काय करायचे हे त्यांना सुचले नाही, इतकेच.

प्रतिसाद : जुना_उपसंपादक

मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षे रात्रपाळी केली आहे आणि ही मालिका मुलीच्या आग्रहाने पाहिली, म्हणजे मी ती किशोरवयात पाहिलेलीच नाही. तरीही रोरीविषयी लिहावेसे वाटते.

तिला बातमीदार व्हायचे आहे, दूरचित्रवाणीवरची नामवंत वार्ताहर क्रिस्टियान आमनपूर तिचा आदर्श आहे, आणि पहिल्या सीझनपासून आपल्याला सांगितले जाते की ती असामान्य आहे. पण ती बातमी आणते कुठून? येलच्या वर्तमानपत्रासाठी ती एका बॅले-प्रयोगाचे परीक्षण लिहिते आणि त्यात नर्तिकेच्या वजनावर घसरते. नर्तिका चिडते तेव्हा रोरीला आपण फार धाडसी लिहिले असे वाटते. पाचव्या सीझनच्या शेवटी वृत्तपत्रसमूहाचा मालक मिचम हंट्सबर्गर, म्हणजे तिच्या मित्राचा बाप, तिला सांगतो की तुझ्यात हा पेशा करण्याची धमक नाही. तरुण प्रेक्षक त्याला खलनायक मानतात. मला तो उद्धट वाटला, मालकांत आढळणारा सहज निष्ठुरपणाही त्याच्यात आहे, परंतु त्याचे निरीक्षण चुकीचे होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. रोरी सांगितलेले काम नेटके करते, सगळ्यांना हवे ते आणून देते, आणि बैठकीत गप्प बसते. अशी मुले आमच्याकडे डेस्कवर उत्तम काम करत. बाहेर पाठवली की रिकाम्या हाताने परत येत.

त्याचे म्हणणे ऐकून ती नौका चोरते आणि शिक्षण सोडते, ही प्रतिक्रियाच काय ते सांगून जाते. आजवर तिला कुणी ‘नाही’ म्हटलेलेच नव्हते. त्या बिचारीला दोष तरी किती द्यायचा? सबंध गाव पहिल्या भागापासून तिला डोक्यावर घेऊन नाचत होते. प्रश्नकर्त्या बाईंना ती आता सहन होत नाही, याचे कारण तिचा स्वभाव बदलला हे नसून, येलमध्ये तिच्याभोवती ते गाव उरले नाही, हे असावे. पॅरिस गेलर ही तिची आधीची शत्रू आणि नंतरची मैत्रीण मात्र पहिल्यापासून अप्रिय, आणि म्हणूनच कामाला वाघ. बातमीदार म्हणून मी तिला घेतले असते.

प्रतिसाद : रिकामटेकडी

बारा वर्षांच्या मुलीला दाखवावी का, या प्रश्नाकडे कुणी वळलेच नाही म्हणून लिहिते. माझ्या भाचीबरोबर मी नुकतेच पहिले तीन सीझन पाहिले. मालिकेत दाखवलेले प्रसंग तसे सौम्य आहेत. सुरुवातीच्या काळात तिच्या पटकथेला कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोग्या कार्यक्रमांना मिळणाऱ्या निधीतून मदत झाली होती, आणि ते जाणवते. अडचण निराळी आहे. लोक जाड असण्यावरचे आणि समलिंगी असण्यावरचे विनोद त्या काळी जितक्या सहजपणे केले जात तितक्याच सहजपणे इथे केलेले आहेत, आणि लोरलाय-रोरी दिवसभर पिझ्झा, बर्गर आणि चिनी खाणे खाऊन शिडशिडीत राहतात, हे आजच्या मुलीला गंमत म्हणून सोडून देता येत नाही. भाचीने दोन ठिकाणी थांबवून विचारले की ही चांगली माणसे असे का बोलतात. मी काही सारवासारव केली नाही. तेव्हा असे बोलले जाई आणि ते चांगले नव्हते, असे सांगितले.

तिला स्वतःला सर्वांत जास्त आवडली ती मात्र आजीच. त्यामुळे वय वाढल्याशिवाय एमिली कळत नाही, हा इथला सगळ्यांचा सिद्धान्त तपासून पाहावा लागेल. तिची स्वतःची आजी तिच्या घरीच असते आणि मोठ्यांची भांडणे ती जेवणाच्या टेबलावर रोज ऐकते, हेही त्याचे कारण असेल.

मराठी उपशीर्षके नाहीत, आणि संवादांचा वेग पाहता इंग्रजी उपशीर्षके लावावीच लागतात. अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटांचे आणि नटनट्यांचे शेकडो संदर्भ येतात. ते सगळे समजावत बसू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर : दुपारची_कॉफी

सर्वांचे आभार. ‘विशाखा_न’, शंभरावा भाग तुमचा प्रतिसाद वाचल्यावर पाहिला, आणि समारंभात ख्रिस्तोफरला पाहून एमिलीच्या चेहऱ्यावर जे समाधान येते ते पाहून मी तुमच्या बाजूला बरीच सरकले आहे. ‘हडसनकाठ’, लेनकडे मी आजवर रोरीची मैत्रीण म्हणूनच पाहिले होते. आता तिचे प्रसंग मागे जाऊन पुन्हा पाहणार आहे. मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिला सीझन दाखवायचे ठरवले आहे आणि मी शेजारी बसणार आहे.

एकच शंका उरली. २०१६ साली आलेले चार दीर्घ भाग पाहावेत का? ते पाहून निराश झालेल्यांची संख्या बरीच दिसते.

प्रतिसाद : जमाखर्च

रोरीसाठी पाहणार असाल तर पाहू नका. त्या भागांत ती बत्तीस वर्षांची आहे, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा लोरलाय होती नेमकी तितकीच, आणि ‘जुना_उपसंपादक’ यांचे निदान अक्षरशः खरे ठरते : मुलाखत घेता घेता तिला झोप लागते, आणि नोकरीच्या मुलाखतीला ती काहीही तयारी न करता जाते. शेवटच्या चार शब्दांचा गाजावाजा फार झाला, म्हणून ते सांगत नाही.

एमिलीसाठी मात्र अवश्य पाहा. रिचर्डची भूमिका करणारे एडवर्ड हर्मन २०१४ च्या अखेरीस वारले, त्यामुळे या भागांत रिचर्डही गेलेला आहे, आणि पन्नास वर्षांच्या संसारानंतर एकटी पडलेली एमिली काय करते, हीच खरी गोष्ट आहे. एका प्रसंगात ती चक्क जीन्स आणि टी-शर्ट घालून घरातल्या वस्तू काढून टाकत बसलेली दिसते, कारण कोणत्याच वस्तूने तिला आनंद होत नाही. पुढे ज्या उच्चभ्रू महिलामंडळात तिने आयुष्य घालवले, तिथल्याच एका बैठकीत ती त्या साऱ्या दिखाऊपणाला तोंडावर शिवी देऊन कायमची बाहेर पडते, हार्टफर्डचे घर विकते आणि नँटकेट बेटावर राहायला जाऊन देवमाशांच्या शिकारीच्या संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगू लागते. लहान मुलांना ती शिकारीची वर्णने इतक्या रंगात येऊन सांगते की ती घाबरतात. केली बिशप यांनी हे फार मजेत केले आहे.

शिवाय सात सीझन आठवड्याला एक मोलकरीण काढणाऱ्या या बाईच्या घरी इथे बर्टा नावाची एक येते. तिची भाषा कुणालाच कळत नाही, तिच्यामागून तिचा नवरा आणि मुलेबाळे, सगळे कुटुंबच त्या घरात वावरू लागते, आणि एमिली तिला काढत नाही. बर्टाची भूमिका रोज अब्दू यांनी केली आहे. त्यांनीच मूळ मालिकेत गावातल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या जिप्सी नावाच्या बाईचे काम केले होते. ‘विशाखा_न’ यांनी हे भाग पाहिले असतील तर एमिलीवरचा त्यांचा खटला त्यानंतरही तसाच उभा आहे का, हे वाचायला आवडेल.

प्रतिसाद : विशाखा_न

पाहिले आहेत. खटला उभाच आहे. लोरलायने स्वतःच्या हॉटेलच्या विस्तारासाठी शेवटी पुन्हा आईकडेच पैसे मागितले, आणि एमिलीने ते देताना नँटकेटला वर्षातून ठरावीक दिवस येऊन राहण्याची अट घातली, हे ‘जमाखर्च’ यांच्या नजरेतून कसे सुटले?